अभियांत्रिकी शिक्षणाचा मार्ग : शिरूर व दौंड

माध्यमिक शाळा सोडल्यापासून अभियंता म्हणून काम हाती येईपर्यंत विद्यार्थ्याला ज्या परीक्षा, संस्था व उमेदवारीचे टप्पे ओलांडावे लागतात, त्या क्रमास येथे अभियांत्रिकी शिक्षणाचा मार्ग म्हटले आहे. हा मार्ग एकेरी नाही. कुशल कारागीर, पदविकाधारक तंत्रज्ञ व पदवीधर अभियंता अशा तीन पातळ्यांवर औद्योगिक काम चालते. प्रत्येक पातळीकडे जाणारी वाट निराळी असून या वाटा मधूनमधून एकमेकींस मिळतात. त्या कोठे मिळतात हे शहरातील विद्यार्थ्याला बहुधा घरात वा शेजारी कळते. तालुक्याच्या गावी ते कळेलच असे नाही आणि पंधराव्या-सोळाव्या वर्षी केलेली निवड पुढे बदलणे कठीण जाते. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर व दौंड या दोन तालुक्यांत हा प्रश्न विशेष स्पष्टपणे दिसतो. कारण अभियांत्रिकीची मोठी कामे या भागात सु. दीडशे वर्षांपूर्वीच आली, अभियांत्रिकीचे शिक्षण मात्र त्यामानाने फार उशिरा आले.

प्रदेश व उद्योग : शिरूर हे घोड नदीकाठी वसलेले असून जुन्या पिढीत ते घोडनदी या नावानेच ओळखले जाई. पुणे–अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) महामार्गावर ते पुण्यापासून सु. ६७ किमी. अंतरावर आहे. गावाला लोहमार्ग नाही. सर्व वाहतूक रस्त्याने चालते. दौंड हे भीमेकाठचे लोहमार्ग प्रस्थानक पुण्यापासून सु. ७६ किमी. अंतरावर आहे. दौंडची वसाहत वाढली ती रेल्वेमुळे. वाफेच्या इंजिनांच्या काळात येथे इंजिनांची शेड होती आणि चालक, फिटर, बॉयलर सांभाळणारे कामगार यांची घरेच्या घरे या व्यवसायात होती. शिरूर तालुक्यातील रांजणगाव येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे क्षेत्र असून त्यात मोटारी, शीतकपाटे, धुलाईयंत्रे इ. तयार करणारे फियाट, व्हर्लपूल, एलजी यांसारख्या कंपन्यांचे मोठे कारखाने आहेत. महामार्गावरील सणसवाडी-शिकरापूर पट्ट्यात सुट्या भागांचे लहानमोठे कारखाने दाटीने उभे राहिले आहेत. दौंड तालुक्यातील कुरकुंभ येथे मुख्यत्वे रासायनिक उद्योग आहेत. यांखेरीज न्हावरे येथील घोडगंगा व पाटस येथील भीमा या सहकारी साखर कारखान्यांनी दोन्ही तालुक्यांतील शेतकरी कुटुंबांना गव्हाणी, बाष्पक, टरबाइन यांसारख्या यंत्रसामग्रीचे प्रथम दर्शन घडविले.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : मुंबईकडून आलेला लोहमार्ग १८५८ मध्ये पुण्यास पोहोचला आणि दौंडवरून पुढे १८६० मध्ये सोलापूरपर्यंत गेला. दौंड–मनमाड मार्ग १८७८ मध्ये खुला झाला व दौंडला प्रस्थानकाचे स्वरूप आले. त्याच सुमारास मुठा नदीवर खडकवासल्याचे धरण बांधून त्याचा उजवा कालवा पूर्वेकडे दौंड परिसरातील पाटसपर्यंत नेण्यात आला. १९६१ च्या पानशेतच्या प्रलयात जुन्या धरणाची हानी झाली. त्यानंतर उभारलेल्या नव्या व्यवस्थेत कालवा दौंड तालुक्यातून इंदापूरपर्यंत गेला. शिरूर तालुक्यात घोड नदीवर चिंचणी येथे धरण झाले, तसेच भीमेवरील चासकमान धरणाचे पाणीही या तालुक्यास मिळू लागले. अशा रीतीने रूळ, पूल, बंधारा, कालवा या गोष्टी येथील शेतकऱ्याच्या नित्य परिचयाच्या झाल्या. परंतु त्यांची मोजणी, आखणी व हिशेब करणारा माणूस बाहेरून येई आणि स्थानिकांच्या वाट्याला खोदाई व मुकादमी येई.

ही माणसे तयार करण्याची सोय पुण्यातच होती. सार्वजनिक बांधकाम खात्यास दुय्यम अधिकारी पुरविण्यासाठी १८५४ मध्ये पुण्यात ‘पूना एंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ या नावाने शाळा निघाली. ती मुंबई विद्यापीठाला १८६६ मध्ये संलग्न झाली आणि तेथे स्थापत्य अभियांत्रिकीतील ‘लायसेन्शिएट’ ही पदवी मिळू लागली. पुढे ही संस्था ‘कॉलेज ऑफ सायन्स’ या नावाने चालली व १९११ पासून ‘कॉलेज ऑफ एंजिनिअरिंग, पूना’ झाली. २०२२ च्या कायद्याने तिला स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला. या संस्थेचा सर्वांत विख्यात विद्यार्थी म्हणजे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. म्हैसूर संस्थानातील एका खेड्यात जन्मलेले विश्वेश्वरय्या १८८३ मध्ये पुण्याची परीक्षा प्रथम क्रमांकाने उत्तीर्ण झाले आणि लगेच मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले. खडकवासल्याच्या सांडव्यावर १९०३ मध्ये बसविलेली स्वयंचलित दारे ही त्यांची रचना होय. दौंडकडे जाणाऱ्या पाण्याचा साठा या दारांमुळे वाढला. त्यांचे उदाहरण खेड्यातील मुलांपुढे वारंवार ठेवले जाते. मात्र त्या काळी वर्षाकाठी मोजकेच विद्यार्थी ही परीक्षा उत्तीर्ण होत आणि सरकारी नोकरी हे या शिक्षणाचे जवळजवळ एकमेव फळ होते, हे त्यासोबत सांगितले जात नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात पायऱ्या वाढल्या. कारागीर प्रशिक्षण योजना १९५० मध्ये सुरू झाली व तिच्यातून औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे जाळे उभे राहिले. पुण्यात शासकीय तंत्रनिकेतन १९५७ मध्ये निघाले. पदवी महाविद्यालये मात्र अनेक वर्षे मोजकीच राहिली. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना १९८३ मध्ये राज्य शासनाने विनाअनुदान तत्त्वावर खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्या एकाच वर्षी पुण्यात अनेक महाविद्यालये निघाली, तसेच प्रवरा परिसरात लोणी येथे ग्रामीण भागातील महाविद्यालयही सुरू झाले. जागा वाढल्या, त्याबरोबर शुल्कही वाढले. गुणांअभावी बंद असलेले दार आता पैशाअभावी बंद राहू लागले, ही त्या धोरणावरील टीका निराधार नव्हती. शिरूरच्या पश्चिम भागाला जवळचे असे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आंबेगाव तालुक्यातील अवसरी खुर्द येथे २००९ मध्ये झाले. दौंड तालुक्यात स्वामी चिंचोली येथे खाजगी महाविद्यालय आहे. पहिली आगगाडी दौंडवरून गेल्यानंतर तालुक्याच्या हद्दीत अभियांत्रिकीची पदवी मिळण्याची सोय होण्यास सु. दीड शतक लागले.

दहावीनंतरच्या वाटा : मार्गातील पहिला व सर्वांत निर्णायक फाटा दहावीनंतर येतो. येथून तीन वाटा निघतात : औद्योगिक प्रशिक्षण संस्था, तंत्रनिकेतन व कनिष्ठ महाविद्यालयातील विज्ञान शाखा.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जोडारी (फिटर), कातारी (टर्नर), वीजतंत्री, संधाता (वेल्डर) इ. व्यवसाय एक वा दोन वर्षांत शिकविले जातात. शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ अन्वये कारखान्यांना ठरावीक संख्येने उमेदवार घ्यावे लागतात. १९७३ च्या दुरुस्तीने पदवी व पदविकाधारकही त्याच्या कक्षेत आले. या संस्थांकडे ‘नापासांची शाळा’ म्हणून पाहण्याची पद्धत चुकीची आहे. दोन वर्षांचा व्यवसाय पूर्ण केलेल्यास पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो आणि पदविका झाल्यावर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात. म्हणजे हातात कानस घेऊन सुरुवात केलेला मुलगा नियमाप्रमाणे पदवीपर्यंत पोहोचू शकतो. प्रत्यक्षात ही सगळी शिडी चढणारे थोडे असतात, कारण पहिल्याच पायरीवर मिळणारी मजुरी घराला हवी असते.

तंत्रनिकेतनाचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा असून त्याच्या परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ घेते. दहावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो. शिरूरच्या मुलांना पुणे, अवसरी व अहिल्यानगर येथील शासकीय तंत्रनिकेतने सोयीची पडतात. ग्रामीण विद्यार्थ्याला ही वाट अनेक दृष्टींनी हितकारक ठरते : अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी स्वतंत्रपणे नोकरी देणारी अर्हता हाती येते, बारावीची सामाईक परीक्षा टळते व पदवीचे दार उघडे राहते. तिचा एक दोष मात्र पालकांना क्वचितच सांगितला जातो. पदविकेतील गणित तुलनेने मर्यादित असते. पदवीच्या दुसऱ्या वर्षात थेट आलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षाच्या गणिताचा पाया नसताना त्यापुढचे गणित सोडवावे लागते. कार्यशाळेत तो वर्गमित्रांच्या पुढे असतो, तर गणिताच्या तासाला मागे पडतो. प्रवेशापूर्वीच्या सुटीत कलन व सारणिक यांचा अभ्यास करून घेतल्यास ही अडचण पुष्कळशी दूर होते.

तिसरी वाट विज्ञान शाखेची. शिरूर येथील चांदमल ताराचंद बोरा महाविद्यालय, दौंड येथील कटारिया महाविद्यालय व मोठ्या गावांतील उच्च माध्यमिक विद्यालये यांत ही सोय आहे. या वाटेवरची सर्वांत महाग चूक विषय निवडताना होते. वैद्यकाच्या आशेने अथवा केवळ भीतीने गणित सोडून जीवशास्त्र व अन्य विषय घेणाऱ्या विद्यार्थ्याला, त्याचा विचार पुढे बदलला तरी, अभियांत्रिकीच्या पदवीला नेहमीच्या वाटेने जाता येत नाही. त्याला पदविकेकडे वळावे लागते. विद्युत् उपकरणे, यंत्रांची देखभाल, संगणकशास्त्र यांसारखे ‘द्विलक्षी’ व्यवसाय विषय काही कनिष्ठ महाविद्यालयांत असतात. एक भाषा व एक विषय यांच्याऐवजी ते घेता येतात व त्यांत गुणही चांगले पडतात. जीवशास्त्र नको असलेल्या विद्यार्थ्याला ते उपयुक्त आहेत.

भाषा व सामाईक परीक्षा : दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकलेला विद्यार्थी अकरावीच्या पहिल्या दिवशी एका नव्या भाषेपुढे उभा राहतो. ज्याला तो ‘त्वरण’ म्हणत आला ते आता ‘ॲक्सिलरेशन’ असते, ‘संवेग’ हा ‘मोमेंटम’ होतो व ‘सदिश’ राशीला ‘व्हेक्टर’ म्हणावे लागते. संकल्पना त्याला येत असते, तिचे नाव येत नसते. शिक्षक प्रश्न विचारतो तेव्हा तो गप्प राहतो आणि हळूहळू आपल्याला विषयच समजत नाही अशी त्याची समजूत होते. गुणी मुले या मार्गावरून गळतात ती बऱ्याचदा या ठिकाणी, पहिल्या सहामाहीत, कोणाच्याही लक्षात न येता. गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकविणाऱ्या ‘सेमी-इंग्रजी’ वर्गांनी हा धक्का काहीसा अलीकडे आणला. परंतु जेथे शिक्षकाचीच इंग्रजी परिभाषेवर पकड नसते तेथे मूल दोन्ही भाषांत अर्धवट राहते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१–२२ पासून प्रादेशिक भाषांतून पदवी अभ्यासक्रम चालविण्यास अनुमती दिली व पिंपरी-चिंचवड येथे मराठीतून संगणक अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला. तेथवर पोहोचण्यासाठी लागणारी अकरावी-बारावी मात्र विद्यार्थ्याला बहुधा इंग्रजीतूनच करावी लागते.

पदवी प्रवेशासाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा असते. तीत गणितास १०० आणि भौतिकी व रसायनशास्त्र मिळून १०० गुण ठेवलेले आहेत. बहुतांश भर बारावीच्या अभ्यासक्रमावर असून अकरावीचाही काही भाग येतो. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. भौतिकी व रसायनशास्त्र यांची प्रश्नपत्रिका मराठीतूनही घेता येते, गणिताची केवळ इंग्रजीतून असते. निम्मे गुण एकट्या गणिताला असल्यामुळे शाळेतील गणिताचा शिक्षक कसा मिळाला यावर तालुक्यातील मुलाचे भवितव्य पुष्कळ अंशी ठरते. भारतीय तंत्रशास्त्र संस्थांसाठी असलेली केंद्रीय परीक्षा (जेईई) वेगळी असून तिच्या तयारीसाठी सधन कुटुंबे मुलांना पुणे वा लातूर येथे ठेवतात. अशा मुलांचे नाव पुष्कळदा तालुक्यातील कनिष्ठ महाविद्यालयाच्या हजेरीपटावर असते आणि ती शिकतात खाजगी वर्गात. या प्रथेमुळे प्रयोगशाळा ओस पडतात. सूक्ष्ममापी व व्हर्नियर कधी हाती न धरलेला विद्यार्थी बारावीच्या प्रात्यक्षिकात उत्तम गुण घेऊन बाहेर पडतो ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे व सर्वांनी स्वीकारलेली आहे.

परीक्षेइतकीच कसोटी पाहणारी गोष्ट म्हणजे कागदपत्रे. अधिवास, जातप्रमाणपत्र व त्याची वैधता, उत्पन्न, नॉन-क्रिमिलेअर इ. दाखले केंद्रीभूत प्रवेश फेरीच्या ठरावीक मुदतीत सादर करावे लागतात. वैधता प्रमाणपत्रास लागणारे आजोबांच्या काळचे शाळेतील वा महसुली पुरावे जमविण्यास महिने जातात. निकाल लागल्यानंतर धावपळ सुरू करणाऱ्याची हक्काची जागा हातची जाते. अकरावीतच अर्ज करून ठेवणे हा त्यावर उपाय असून काही कनिष्ठ महाविद्यालयांनी त्यासाठी शिबिरे भरविण्याचा स्तुत्य उपक्रम चालविला आहे.

पाबळचा प्रयोग : शिरूर तालुक्याच्या पश्चिम भागात, मस्तानीच्या समाधीमुळे परिचित असलेले पाबळ हे अवर्षणप्रवण गाव आहे. तेथे डॉ. श्रीनाथ शेषगिरी कलबाग (१९२८–२००३) यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रमाची स्थापना केली. खाजगी महाविद्यालयांच्या धोरणाचे वर्षही हेच. एकाच वर्षी निघालेल्या या दोन वाटांच्या दिशा मात्र पूर्णपणे भिन्न होत्या. कलबाग हे अन्नतंत्रविद्येतील शास्त्रज्ञ, अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचे पीएच्.डी. मुंबईतील हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन केंद्रातील नोकरी सोडून ते पत्नीसह पाबळला राहावयास आले. पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचे एक केंद्र म्हणून आश्रमाचे काम सुरू झाले.

हाताने काम करताना बुद्धी ज्या रीतीने शिकते ती रीत शाळेने सोडून दिली आहे आणि म्हणून ग्रामीण मुले शिक्षणातून बाहेर फेकली जातात, हे कलबागांचे मुख्य प्रतिपादन होते. शाळा सोडलेल्या मुलांसाठी त्यांनी मूलभूत ग्रामीण तंत्रज्ञानाचा एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम आखला. त्यात अभियांत्रिकी (जोडकाम, सुतारकाम, बांधकाम), ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन आणि गृह व आरोग्य असे चार विभाग असतात व प्रत्येकाला चारही शिकावे लागतात. सरावासाठी खोटे नमुने तयार करण्याऐवजी गावकऱ्यांची खरी कामे घेतली जातात : कोणाच्या गोठ्याचा सांगाडा जोडून देणे, घराची वीजजोडणी करणे, जमिनीचा विद्युत् रोध मोजून विहिरीची जागा सुचविणे. काम बिघडले तर गावकरी पैसे देत नाही, त्यामुळे परीक्षक वेगळा नेमावा लागत नाही. आश्रमातील घुमटाकार इमारती विद्यार्थ्यांनीच उभारल्या. लहान शेतकऱ्याला परवडेल असा ‘मेकबुल’ नावाचा छोटा ट्रॅक्टरही येथे घडविण्यात आला. अभ्यासक्रमास राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची मान्यता मिळाली. त्याचेच लहान रूप आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी आठवड्यातून एक दिवस या प्रमाणात माध्यमिक शाळांत नेण्यात आले व ते राज्यात तसेच राज्याबाहेर पसरले. अमेरिकेच्या मॅसॅचूसेट्स तंत्रशास्त्र संस्थेच्या सहकार्याने २००२ मध्ये पाबळला ‘फॅब लॅब’, म्हणजे संगणकनियंत्रित यंत्रांनी वस्तू घडविण्याची प्रयोगशाळा, उभी राहिली. त्या संस्थेबाहेर स्थापन झालेल्या अशा प्रयोगशाळांमध्ये ती अगदी पहिल्यांपैकी होय.

अभियांत्रिकी पदवीकडे विद्यार्थी पाठविणे हा पाबळचा हेतू नव्हता व त्या मापाने त्याचे मूल्यमापन करणे अन्यायाचे होईल. तेथे शिकलेल्यांपैकी अनेकांनी जोडकाम, बांधकाम, कुक्कुटपालन यांत स्वतःचे धंदे काढले. तथापि पदवीच्या वाटेवरील विद्यार्थ्यालाही या प्रयोगातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी आरेखन व अनुप्रयुक्त यामिकी हे विषय अनेकांना जड जातात, ते वस्तू डोळ्यांपुढे आणता न आल्यामुळे. शाळेत असताना लोखंडी कोनपट्टी कापून, मापात जोडून पाहिलेल्या मुलाला छेददृश्य म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. सामाईक परीक्षेत या जाणिवेला एकही गुण नाही, ही तिची सर्वांत मोठी उणीव म्हटली पाहिजे.

पदवीची वर्षे : प्रवेश मिळाल्यानंतर राहण्याचा प्रश्न उभा राहतो. दौंड, पाटस, केडगाव व यवत येथील विद्यार्थी पुण्यास रेल्वेने ये-जा करू शकतात. पुणे–दौंड मार्गाचे विद्युतीकरण २०१७ मध्ये पूर्ण झाले आणि त्याच वर्षी या मार्गावर डेमू गाड्या धावू लागल्या. मासिक पासाचा खर्च वसतिगृहाच्या तुलनेने नगण्य असतो, पण एका बाजूस दीड-दोन तास, शिवाय स्थानकापासून महाविद्यालयापर्यंतचा प्रवास यांत दिवसाचे चार-पाच तास जातात. शिरूरच्या विद्यार्थ्याला एस.टी. अथवा खाजगी वाहनाने वाघोलीवरून यावे लागते व त्या रस्त्यावरील वाहतुकीची कोंडी कुप्रसिद्ध आहे. अभियांत्रिकीचे शिक्षण तासांपेक्षा तासांनंतर, कार्यशाळेत, ग्रंथालयात व सहाध्यायांच्या खोल्यांतून अधिक होते. शेवटची गाडी गाठणारा विद्यार्थी त्याला मुकतो. मुलींच्या बाबतीत अंधार पडण्यापूर्वी घरी परतण्याची अट घरून घातली जाते व तोटा अधिक होतो. म्हणून खर्च वाढला तरी निदान पहिली दोन वर्षे वसतिगृहात काढणे श्रेयस्कर होय.

शुल्काच्या बाबतीत काही आधार आहेत. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून शुल्काचा काही भाग, तर डॉ. पंजाबराव देशमुख योजनेतून वसतिगृहाचा निर्वाह भत्ता मिळतो. प्रत्येक अभ्यासक्रमात पाच टक्के अधिकच्या जागा शिक्षण शुल्क माफीच्या असतात. वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील आर्थिक दृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक दृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे पूर्ण शिक्षण शुल्क माफ करण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. तत्पूर्वी भावाचे शुल्क भरायचे म्हणून बहिणीला तीन वर्षांच्या साध्या पदवीला बसविणारी घरे कमी नव्हती.

व्यवसाय : पदवी वा पदविका झालेल्यांचा ओढा संगणकाधिष्ठित सेवांकडे म्हणजे खराडी, हिंजवडी येथील कंपन्यांकडे आहे, यांत्रिक व स्थापत्य शाखांचे पदवीधरही तेथे जातात. रांजणगावच्या कारखान्यांत प्रवेश होतो तो बहुधा प्रशिक्षणार्थी म्हणून. उत्पादनसाखळीवर, गुणनियंत्रणात किंवा देखभाल विभागात एक-दोन वर्षे काढल्यावर कायम नेमणूक मिळेल याची शाश्वती नसते. कंत्राटी नेमणुकांचे प्रमाण या क्षेत्रात मोठे आहे. घरापासून दुचाकीच्या अंतरावर कारखाना असूनही गावचा पदविकाधारक त्यात कंत्राटदारामार्फत काम करतो व देखरेख करणारा अभियंता पुण्याहून कंपनीच्या बसने येतो, हे कालव्याच्या काळचे चित्र पुरते पुसले गेलेले नाही. पुढे जाण्यासाठी देखभाल विभागातील काम अधिक फलदायी असते. तेथे यंत्र उघडून पाहावयास मिळते, नियंत्रणप्रणालीची ओळख होते व हे ज्ञान दुसऱ्या कारखान्यातही चालते.

साखर कारखान्यांतील अभियंत्यांची परंपरा निराळी आहे. गाळप हंगामात गव्हाण बंद पडली की दर तासाला नुकसान होते व निर्णय जागेवर घ्यावा लागतो, तर हंगामाबाहेरच्या महिन्यांत सर्व यंत्रसामग्री उकलून दुरुस्त केली जाते. यंत्रशास्त्राचे इतके सर्वांगीण शिक्षण अन्यत्र क्वचितच मिळते. पुणे–दौंड लोहमार्गावरील मांजरी येथे असलेल्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये पदवीनंतर साखर अभियांत्रिकीचा विशेष अभ्यासक्रम करता येतो. रेल्वेत कनिष्ठ अभियंत्याची जागा भरती मंडळाच्या परीक्षेतून मिळते. दौंडमध्ये या परीक्षेची माहिती पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी आहे, शिरूरमध्ये ती शोधावी लागते. १ एप्रिल २०२४ पासून दौंड सोलापूर विभागातून पुणे विभागात आले. जलसंपदा, सार्वजनिक बांधकाम व जिल्हा परिषद यांतील कनिष्ठ अभियंत्यांच्या जागांवर स्थापत्य पदविकाधारकांची नजर असते, परंतु भरतीत वर्षानुवर्षांचा खंड पडतो. मधल्या काळात अनेक जण बांधकाम विभागाकडे सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणी करतात व या गटासाठी राखलेली रस्ता, मोरी, शाळाखोली अशी लहान कामे घेतात. त्यांपैकी काहींनी स्वतःची यंत्रसामग्री उभी करून मोठ्या कंत्राटांपर्यंत मजल मारली आहे.